गाडी नको, मी मेट्रोने येते: बऱ्याच वर्षांनी गिरगावात

परदेशी स्थायिक झालेलं माणूस मुंबईत उतरलं की नातेवाईक त्याला गाडीत घालतात, ते परत विमानतळावर सोडेपर्यंत. त्यात माया खूप असते, पण शहर काही भेटत नाही. म्हणून या खेपेला दादाला निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं, ‘तू फक्त बॅगा ने. मी मेट्रोने येते.’

विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवरून भुयारी मेट्रो-३ थेट गिरगावात आणते, हे आम्हा जुन्या गिरगावकरांना अजून खरं वाटत नाही. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. अगदी टोकापासून टोकापर्यंत गेलात तरी तिकीट ७० रुपये. मी साधारण पाऊण तासात पोचले. विमान रात्री-अपरात्री उतरत असेल तर मात्र हा मार्ग नाही, कारण पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास सुटते. मोठ्या बॅगा असतील तर त्याही दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा. तिकीट शक्यतो खिडकीवरच काढा, भुयारात मोबाइलच्या नेटवर्कवर भिस्त नको.

गिरगाव स्थानकातून वर आलात की आधी दोन मिनिटं उभे राहा. जगन्नाथ शंकरशेट रस्ता तोच आहे, पण आपल्या खुणेच्या काही इमारती मेट्रोच्या कामात गेल्या. तिथल्या रहिवाशांना याच भागात घरं मिळायची आहेत. त्यामुळे ‘त्या चाळीच्या समोर’ असा पत्ता सांगून उपयोग नाही. वाड्यांची नावं मात्र अजून चालतात. झावबावाडी, कांदेवाडी, मुगभाट असं विचारलं की कुणीही बोट दाखवून सांगतं.

मामीची चाळ अजून उभी आहे. लाकडी जिना, कठड्याऐवजी धरायला वरपासून खालपर्यंत सोडलेला जाड दोर. वर्षानुवर्षांच्या हातांनी तो मधल्या वळणापाशी काळा आणि गुळगुळीत झालाय. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, पाय आपोआप तिथेच पडतो. मामी गॅलरीतूनच ओरडली, ‘अगं, चालत आलीस? दादा कुठाय?’ मग अख्ख्या मजल्याने दारं उघडली. गाडी दारात थांबली असती तर हे घडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. चालत येणाऱ्याला लोक हटकतात, विचारपूस करतात, चहाला थांबवतात.

तीच गोष्ट पुढच्या दिवसांची. खोताची वाडी, केळेवाडीतला मुंबई मराठी साहित्य संघ आणि १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसणारी केशवजी नाईकांची चाळ हे सगळं एका सकाळी पायी होतं. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची घरं लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा फोटो विचारून काढा. चौपाटीवर संध्याकाळी जा. सागरी किनारा मार्ग मात्र मी मुद्दाम दादाच्या गाडीतून पाहिला, तिथे गाडीच हवी. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरचा बोगदा संपतो आणि डाव्या हाताला एकदम समुद्र येतो. रस्ता देखणा आहे, पण त्यावरून मुंबईतली माणसं भेटत नाहीत. बसने फिरलात तर जुनी डबलडेकर शोधू नका. जुन्या डिझेलच्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता विजेवरच्या वातानुकूलित आहेत. त्यातही वर पुढची जागा मिळाली तर सोडू नका!

आता कामाचं. भाजीवालीपासून सगळीकडे यूपीआय आहे, आणि आपल्याकडे ते नसलं की फार अडतं. काही देशांतल्या मोबाइल नंबरवरही एनआरई-एनआरओ खात्याला, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक खात्याला, यूपीआय जोडता येतं, त्याची चौकशी बँकेत निघण्याआधीच करा. जुनं साधं बचत खातं तसंच पडलं असेल तर ते एनआरओ करून घ्यावं लागतं. परदेशी गेल्यावर ते तसंच ठेवण्याची मुभा नाही. इथला जुना नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला की ओटीपी येत नाहीत आणि बँक, आधार, सगळंच अडतं. घरच्या कुणाला तरी तो चालू ठेवायला सांगा. कपाटात जपलेल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा २०१६ पासून बाद आहेत. दोन हजारांची सापडली तर ती रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच बदलून मिळते. सुटे दहा-वीस रुपये मात्र जवळ असू द्या.

कागदपत्रांची कामं पहिल्याच आठवड्यात, कामाच्या दिवशी सकाळी उरका. एका फेरीत ती क्वचितच होतात, आणि शेवटच्या दिवसांवर ठेवली की माणसांना भेटायचा वेळ त्यातच जातो. वयस्कर मंडळींकडे दुपारी चारनंतर जा, आधी फोन करून, आणि एका दिवशी एकच घर धरा. मी एका संध्याकाळी तीन घरं ठरवली होती, मामीने त्यातली दोन रद्द करायला लावली.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. गणपतीत यायचं असेल तर राहण्याची सोय गिरगावातच करा. अनंत चतुर्दशीला चौपाटीकडचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि बाहेरून आलेल्याला आत शिरणं कठीण. गुढीपाडव्याची शोभायात्रा पाहायची तर सकाळी लवकर येऊन ठाकूरद्वारच्या आसपास जागा धरा, म्हणजे मिरवणूक जवळून दिसेल.