अरुंधती न्यायाने दीर्घिकेपर्यंत

लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवतात. बारीक तारा एकदम सापडत नाही, म्हणून आधी शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवायचा, मग नजर अलगद बाजूला न्यायची. याला अरुंधती न्याय म्हणतात. दुर्बीणवाले ज्याला स्टार हॉपिंग म्हणतात ते वेगळं काही नाही, हे माझ्या डोक्यात दोन अमावास्या वाया घालवल्यावर शिरलं.

मला सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका (गॅलॅक्सी) बघायच्या होत्या. बोडे या जर्मन खगोलनिरीक्षकाने १७७४ साली शोधलेली ही जोडी सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं दूर आहे. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण; मोटर वगैरे काही नाही, हाताने ढकलायची.

पहिल्यांदा गेलो भोरकडे, मित्राच्या शेतावर. डोक्यावरचं आकाश झकास, दक्षिण तर काळीभोर. पण सप्तर्षी उत्तरेत, आणि भोरहून पुणंही उत्तरेलाच! तिकडे क्षितिजापासून वर बऱ्याच उंचीपर्यंत पिवळट उजेड पसरलेला. उत्तरेचं काही बघायचं तर शहर आपल्या पाठीशी हवं, एवढी साधी गोष्ट नकाशा बघताना सुचली नव्हती. दुसरी चूक पूर्णपणे माझी. सप्तर्षीच्या चौकोनातले पुलह आणि क्रतू हे तारे जोडून रेघ वाढवली की ध्रुव सापडतो, हे शाळेपासून पाठ. हात सवयीने त्याच रेघेवर जायचा. दीर्घिकांची रेघ वेगळी आहे: त्याच चौकोनाचा कर्ण, पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत, आणि तेवढंच अंतर पुढे. पुढच्या अमावास्येलाही तिथेच गेलो. या वेळी रेघ बरोबर होती, पण उजेडात वाटेतले बारीक तारेच दिसेनात. रिकाम्या हाताने परत.

फाल्गुन अमावास्येला मात्र जुन्नर तालुक्यात मामाकडे गेलो. आता पुणं दक्षिणेला. मला शेतात दुर्बीण लावायची होती, पण ऊस उभा होता आणि मामा म्हणाला, "बिबट्या काय तुझ्या दुर्बिणीला भिणार व्हय? गच्चीवर लाव." दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊब सोडत होता, त्यामुळे तारे नुसते थरथरत होते. साडेनऊपर्यंत मी निव्वळ बसून होतो, डोळे अंधाराला सरावू देत. खालच्या अंगणातला बल्ब मामीने दोनदा लावला, दोनदा मी ओरडलो. पुरणाची तयारी चालली होती, तिचा तरी काय दोष.

दहानंतर पुलस्त्य-क्रतू रेघ डोळ्यांनी दोन-तीनदा ओढून पाहिली आणि तेवढ्याच अंतरावर फाइंडर, म्हणजे दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, रोखला. फाइंडरमध्ये सगळं उलटं दिसतं, त्यामुळे "थोडं डावीकडे" म्हणजे नेमकं कुठे, यावर पाच मिनिटं गेली. तिथला एक मंद तारा खूण म्हणून धरला, त्याच्या बाजूला हळूहळू सरकलो आणि आयपीसला, म्हणजे मोठ्या दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावला. ४८ पट मोठं दिसत होतं. एका कडेला कापसासारखा लांबट गोल, मध्ये उजळ. त्याच्या शेजारी, चंद्राच्या व्यासापेक्षा जरा जास्त अंतरावर, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ. एम ८१ आणि एम ८२, एकाच चौकटीत.

खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातला) तारा या आयपीसमधून चार मिनिटांत निसटतो. ध्रुवाच्या इतक्या जवळच्या वस्तू संथ सरकतात, म्हणून ही जोडी दहा मिनिटं तरी न ढकलता समोर राहिली. सर्पिल हात वगैरे काही दिसले नाहीत, सहा इंचीकडून ती अपेक्षाही नको. पण सरळ न बघता किंचित बाजूला नजर ठेवली की रेघेची लांबी वाढायची. याच रेघेत, म्हणजे एम ८२ मध्ये, २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनमधल्या एका प्राध्यापकाला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना अतिनवतारा (स्फोट होऊन उजळलेला तारा) सापडला होता, तोही ढग दाटत असताना उरकलेल्या सरावात.

मामा वर आला, बघितलं. "एवढ्याशा डागासाठी पुण्याहून आलास?"

मी एम १०१ ही आणखी एक दीर्घिका शोधायला रात्री दोनपर्यंत जागलो. वसिष्ठापासून फिकट ताऱ्यांची वळणदार रांग धरून गेलो, दोनदा मुक्कामाला पोचलो, पण तिथे काहीच नव्हतं. म्हणजे असेल, पण तिचा उजेड इतका पसरलेला असतो की मला नाही दिसली.

त्याआधी, अकराच्या सुमारास, मामी हात पुसत वर आली. "मला अरुंधती दाखव. आमच्या लग्नात गुरुजींनी दाखवली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते." आधी नुसत्या डोळ्यांनी दाखवली, मग दुर्बीण वसिष्ठावर आणली. वसिष्ठ फुटून दोन तारे झाले, एकमेकांना अगदी खेटून. अरुंधती बरीच लांब, कडेला.

"ही चिकटलेली ना अरुंधती?"

"नाही मामी, ती पलीकडची."

"मग ही कोण?" मामी म्हणाली, आणि पुन्हा डोळा लावून बराच वेळ बघत राहिली.