अंधाराची डागडुजी

मुंबईत अंधार मिळत नाही. दादरसारख्या ठिकाणी घरातले सगळे दिवे मालवले तरी समोरच्या टॉवरच्या जिन्यातली ट्यूब आणि खालच्या मेडिकलची पाटी मिळून छतावर एवढा उजेड टाकतात की पालीची शेपटीसुद्धा नीट दिसावी. त्यामुळे मी अंधार ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये शोधतो.

गेम 2011चा. त्यातली भुयारं सुरेख, पण मूळ गेममध्ये तिथेही मिट्ट काळोख नाही. कुठूनही न येणारा निळसर उजेड सगळीकडे पसरलेला, शिवाय शतकानुशतकं बंद असलेल्या थडग्यांत मेणबत्त्या तेवत असतात. त्या रोज कोण लावतं, देव जाणे. म्हणून लोक प्रकाशाचे मॉड, म्हणजे गेममध्ये फेरफार करणाऱ्या फायली, बनवतात. ‘लक्स’सारखा मॉड तो फुकटचा उजेड कमी करतो, मग शेकोटी असेल तिथे तांबूस उजेड, नसेल तिथे काळोख.

एकच मॉड घातला तर सगळं सुरळीत. पण एकावर थांबतो कोण? गेममधल्या व्हाइटरन शहराच्या खानावळीत कुणीतरी नुसतं संगीत बदलणारा मॉड केलेला असतो. संगीताचा नि दिव्याचा काय संबंध? संबंध असा की खोलीची सगळी माहिती एकाच नोंदीत असते. संगीतवाल्याने मूळ गेममधली नोंद उचललेली, त्यामुळे जुना उजेडही तिच्याबरोबर आला. लोड ऑर्डरमध्ये, म्हणजे मॉड चढवण्याच्या क्रमात, जो शेवटी, त्याचीच अख्खी नोंद चालते. खानावळ पुन्हा झगझगीत.

मरीन ड्राइव्हचंही असंच झालं होतं. 2015च्या सुमारास वीज वाचवायला सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि राणीच्या हाराची रयाच गेली. हेतू विजेचा, बदलला मात्र रंग. मुंबईकरांनी ओरड केल्यावर पिवळसर छटा परत आणावी लागली. याला आमच्या भाषेत पॅच म्हणतात.

पॅच करायचं काम मॉडच्या नोंदी उघडून दाखवणाऱ्या ‘एसएसईएडिट’ या प्रोग्रॅममध्ये. प्रत्येक मॉडचा एकेक रकाना, सर्वांत उजवीकडचा विजेता, भांडणाच्या ओळी लाल. लक्सच्या रकान्यातला प्रकाश उचलून पॅचच्या रकान्यात टाकायचा, संगीत संगीतवाल्याचं ठेवायचं. एखाद्या जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला शोभेल असं हे काम, पण मला ते तलवारबाजीपेक्षा जास्त आवडतं. तरी एक भांडण पॅचने मिटत नाही. एका वेळी फक्त चारच दिवे सावली पाडू शकतात, ही इंजिनाची मर्यादा. पाचवा आला की कॅमेरा वळताच कुठला तरी दिवा पटकन विझतो. तिथे दिवाच कमी करायला हवा, आणि कुठला करायचा हे ठरवताना मी शेकोटीला कधीच हात लावत नाही.

परवा आई मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर भुयार, मिट्ट काळं.

“अरे, बंद पडलाय का?”

“नाही गं, आत्ता कुठे नीट झालाय.”

“यात दिसत तर काहीच नाही!”

“तेच तर.”

तिने भिंतीवरचं बटण दाबलं, ट्यूब लागली, आणि स्क्रीनवर भुयाराच्या जागी माझाच चेहरा दिसायला लागला. यावर अजून कुणी मॉड काढलेला नाही.