28 हजारांचं एस्टिमेट आणि टाकीवरचा पाईप

ब्रेकचा पाईप गंजून फुटलाय अशी गाडी बेळगावात रोज येत नाही. पॅड, शू, व्हील सिलिंडर ही कामं चालूच असतात. पाईप मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत तसाच राहतो असं सगळे धरून चालतात, आणि गोकाक, बैलहोंगलकडच्या कोरड्या रानातल्या गाड्यांचं बहुतेक तसंच असतं. बऱ्याच जुन्या गाड्या लिफ्टवर घेतल्या तरी पाईपचं मूळ कोटिंग शाबूत दिसतं. गोव्यात समुद्राच्या कडेला उभी राहिलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी. खारं वारं पत्र्याच्या आधी या बारक्या नळ्यांना धरतं. त्यात ती गाडी नंतर खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात फिरली तर विचारूच नका. तिथली तांबडी माती पाईप धरून ठेवणाऱ्या क्लिपात जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत ओलीच राहते.

सरांची गाडी अशी दोन्हीकडची होती. सर खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलातून निवृत्त झालेले. मुलगा वास्कोला नोकरीला. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी वडलांना दिली. 2016 चं मॉडेल, वरचं व्हेरिएंट, म्हणून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेलं. सर चोर्ला घाटातून मुलाकडे निघाले होते. जांबोटीच्या अलीकडे ब्रेकचा लाल दिवा लागला. एका दुकानात ब्रेक ऑइल घेऊन त्यांनी डबी भरली आणि पुढे निघाले. जरा अंतर गेल्यावर पेडल निम्म्याच्या खाली गेलं. गाडी थांबली, खरं थांबायला नेहमीपेक्षा बरीच जागा लागली.

गाडी थांबली याचं श्रेय गाडीच्या रचनेला. आजच्या अशा छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लायनी असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका लायनीवर, उरलेली दोन दुसरीवर. एक लाईन फुटली की निम्मा ब्रेक उरतो. सपाटीला तेवढ्यावर भागतं. चोर्ल्याच्या उतारावर, धुक्यात, पुढं वाळूचा ट्रक असताना भागलं असतं का, हे मी सरांना विचारलं नाही. त्यांनीच गाडी मागे फिरवली नाही, क्रेन बोलावली, हे शहाणपणाचं केलं.

गाडी आधी शोरूमला गेली. तिथून 27,980 रुपयांचं एस्टिमेट घेऊन सर माझ्याकडे आले, सोबत भाचा.

"मेस्त्री, शोरूमवाले 28 हजार सांगालेत. ब्रेकचा एक पाईप फुटलाय ओ, इंजिन नव्हे!"

भाचा लगेच म्हणाला, "आमच्या गल्लीत एक जण 1,200 मध्ये करून देतो म्हणालाय. फुटलेला तुकडा कापायचा, तांब्याची नळी घालायची, दोन्हीकडे जोड मारायचा. संपलं की."

28 हजार आणि 1,200. खरं काम किती रुपयांचं, हे गाडी वर घेतल्याशिवाय सांगता येत नाही, तेव्हा आधी गाडी लिफ्टवर घेतली. आमच्या पोराला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. खाली कुठंच थेंब दिसेना. पाईप दाराखालच्या पट्टीखाली, सिलखाली, सरळ मागं जातो, तिथं नुसता वरवर गंज. मग पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या कडेवरून ओघळ यायला लागला. हात जाईल एवढीच फट होती. बोटानं क्लिप चाचपला तर आत घट्ट माती, आणि त्या मातीखाली पाईप फुगून भाकरीसारखा पदर सुटलेला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर पापुद्रा हातात आला. पोरगं आतून म्हणालं, "अण्णा, पेडल तळाला गेलं!"

हा पाईप म्हणजे साधी नळी नसते. पोलादाची पट्टी दोन वेळा गुंडाळून, मध्ये तांब्यानं जोडून केलेली दोनपदरी नळी, बाहेरचा व्यास पावणेपाच मिलिमीटर, वर जस्ताचं आणि बहुतेक वेळा प्लास्टिकचं कोटिंग. भिंत एक मिलिमीटरसुद्धा नाही. जोरात ब्रेक मारला की आत शंभर बारच्या आसपास दाब येतो. टायरमधल्या हवेच्या चाळीस-पन्नासपट. कोटिंगला कुठं चीर गेली आणि तिथं ओली माती बसली की बाहेरून आत गंज खात जातो. वरून काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घेतलेलं असेल तर आणखी वाईट, कारण गंज झाकला जातो आणि पाणी अडकतं. या गाडीला वास्कोत तसं कोटिंग मारलेलं होतं. मारणाऱ्यानं आधी खाली धुतलंसुद्धा नव्हतं.

आता एस्टिमेट. सरांना वाटत होतं मी ते बघून शोरूमला शिव्या घालीन. तसं काही नव्हतं. आठ पाईपचा पूर्ण संच 8,460. चारी रबरी होस 3,600. मागचे दोन व्हील सिलिंडर आणि शू 4,350. ब्रेक ऑइल 900. लेबर 6,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,670. शेवटी अंडरबॉडी कोटिंग 3,000. त्यातलं शेवटचं कलम मी पेनानं सरळ खोडलं. बाकीच्यातल्या बहुतेकांना काही ना काही कारण होतं.

सगळ्यात मोठं कारण लोकांना दिसत नाही ते हे: कंपनीचा पाईप आधीच वाकवलेला येतो. कारखान्यात गाडी जोडताना तो टाकी आणि मागचा ॲक्सल बसायच्या आधी लावतात. तोच पाईप पुन्हा बसवायचा तर तेच उलट क्रमानं करावं लागतं: टाकी पूर्ण उतरवा, ॲक्सल खाली घ्या, एक्झॉस्ट सोडा. तेवढे तास त्यांच्या लेबरमध्ये धरलेले असतात. शोरूमचा मेकॅनिक स्वतः नळी कापून टोक घडवत नाही. त्याला तशी परवानगीच नसते, कारण उद्या काही झालं तर कंपनीचा पार्ट लावला होता हे दाखवावं लागतं. एक पाईप गंजला तर बाकीचेही त्याच वयाचे, म्हणून सगळे बदला म्हणतात. त्यांच्या जागी बसून बघितलं तर ते चूक नाही. फक्त सरांच्या गाडीला तेवढं लागत नव्हतं.

पुढच्या बाजूचे चार पाईप मी कापडानं पुसून, बॅटरी मारून बघितले. कोटिंग शाबूत, नटांच्या तोंडाशी गंज नाही. इंजिनच्या उष्णतेनं तो भाग कोरडा राहत असावा. मागे जाणारे दोन लांब पाईप आणि ॲक्सलवरचे दोन आखूड, असे चार मात्र गेले होते. दुसऱ्या लायनीचा लांब पाईप फुटला नव्हता, पण त्याच क्लिपापाशी तोही पदर सोडत होता. एक बदलून दुसरा ठेवणं म्हणजे पुढच्या वेळी दुसरी लाईन फुटायची वाट बघणं.

भाच्याच्या 1,200 च्या उपायावर मात्र मी चिडलो. तांब्याची नळी मऊ असते, हातानं वाकते, म्हणून रस्त्यावरचे वापरतात. गाडीच्या थरथराटानं ती कडक होत जाते आणि एक दिवस चिरते. मधला जोड तर पाण्याच्या लायनीतला, रिंग दाबून बसवायचा. तो शंभर बारला धरेल, पहिल्या दिवशी धरेलच, म्हणूनच फसगत होते. आणि ज्या गंजक्या नळीवर तो आवळायचा तिचं काय? सरांनीच एक पर्याय काढला, "मग उद्यमबागेत हायड्रॉलिकची नळी मिळते की ओ, ती?" उद्यमबाग, मच्छे भागात हायड्रॉलिकचे कारखाने आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे बरेच जण विचारतात. ती नळी मशीनसाठी असते. भिंत जाड, लहान वळण घेत नाही, आणि तिच्या टोकाला गाडीच्या ब्रेकचा फ्लेअर, म्हणजे नटात घट्ट बसणारं फुगवलेलं तोंड, नीट उठत नाही. चांगला माल, खरं जागा चुकीची.

मी निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी वापरतो. 90 टक्के तांबं, 10 टक्के निकेल. गंजत नाही, हातानं वळते, आणि नुसत्या तांब्यासारखी थकत नाही. गुंडाळीत येते. पैसे वाचतात ते इथं. गुंडाळीतली नळी टाकी न उतरवता वर ओवता येते. पेट्रोल काढून घेतलं, टाकीचे बोल्ट सैल करून जॅकवर चार बोटं खाली घेतली, तेवढी फट पुरली. जुना पाईप तुकडे करून बाहेर ओढला, त्याच वाटेनं नवा आत सरकवला. क्लिप सगळे नवे.

खरा वेळ गेला टोकांना. होसवरचे नट गंजून असे धरले होते की रिंग पाना लावून, रस्ट स्प्रे मारून, पुन्हा मारून, एक सुटला आणि तीन गोल झाले. त्यामुळे मागचे दोन होस बदलावेच लागले. शोरूमनं चार लिहिले होते, पुढचे दोन धडधाकट होते. नळीच्या टोकाचा फ्लेअर दोन तऱ्हेचा असतो, एक दुमडून आत वळवलेला, दुसरा बुडबुड्यासारखा. काढलेल्या नळीचं टोक बघून तोच करायचा. दुसरा केला तरी नट आवळला जातो, थोडे दिवस गळतही नाही. आणि टोक घडवायच्या आधी नट नळीत ओवायचा; शिकाऊ पोरं हे हमखास विसरतात, मग चांगलं घडलेलं टोक कापून टाकावं लागतं.

शोरूमनं सिलिंडर आणि शू का लिहिले होते ते ड्रम उघडल्यावरही कळलं नाही. शूची जाडी चांगली होती, सिलिंडरचं रबर उचलून बघितलं, आत कोरडं. ते ठेवले.

माझं बिल वहीच्या पानावर लिहून दिलं: नळी 2,100, नट 320, दोन होस 1,700, ब्रेक ऑइल 450, लेबर 3,500. एकूण 8,070. माझी उलाढाल 20 लाखांच्या आत आहे म्हणून मी जीएसटी लावत नाही. शोरूमच्या बिलात आणि माझ्यात फरक पडतो त्याला हेही एक कारण, आणि त्यात माझी काही करामत नाही.

एक गोष्ट मी सरांना काम हातात घेण्याआधीच सांगितली होती. वाटेत डबी रिकामी झाली होती, म्हणजे एबीएसच्या ब्लॉकमध्ये, जिथून चारी चाकांचं ब्रेक ऑइल जातं तिथं, हवा गेलेली असू शकते. चारी चाकांच्या निपलमधून, म्हणजे हवा सोडायच्या बारक्या तोंडातून, हवा मी काढतो, पण ब्लॉकच्या आतली हवा काढायला त्याचा पंप स्कॅनरवरून चालवावा लागतो, आणि या गाडीचा तसा स्कॅनर माझ्याकडे नाही. झालं तसंच. हवा काढून झाल्यावर पेडल वर आलं, ब्रेक धरत होता, पण शेवटी पायाखाली जरा स्पंजासारखं लागत होतं. तशी गाडी मी खानापूरला पाठवणार नव्हतो, घाटात तर नाहीच.

शोरूमला मी स्वतः गाडी घेऊन गेलो. सर्व्हिस ॲडव्हायजरनं खाली वाकून नळी बघितली आणि म्हणाला, "हा बाहेरचा पाईप आहे, आम्ही हात लावणार नाही." मी म्हटलं हात लावू नका, स्कॅनर लावा. बरंच बोलणं झालं. शेवटी बाहेर झालेल्या कामाची जबाबदारी आमची नाही असं लिहून सरांची सही घ्या, या अटीवर तयार झाले. फोनवर सर म्हणाले, "घ्या की सही, पेन्शनच्या कागदांवर किती केल्या त्यात ही एक." ते आले, सही झाली. तिथला एक जुना कन्नड मेकॅनिक गाडीखाली गेला, नळीच्या वळणांवरून बोट फिरवलं आणि मला खूण करून म्हणाला, "चलो माडीरी." छान केलंत. पंप चालवला, निपलमधून बारीक बुडबुडे आले, पेडल दगडासारखं झालं. बिल 1,000 आणि जीएसटी, 1,180.

म्हणजे सरांना सगळं मिळून 9,250 पडले, क्रेनचे वेगळे. त्यातले 1,180 शोरूमचे, आणि ते दिल्याशिवाय माझे 8,070 अर्धवटच होते. कोण विचारलं तर मी दोन्ही आकडे सांगतो, नुसता माझा नाही.

भाच्याची गाडी नंतर आली. बेळगावातलीच, कधी गोव्याला न राहिलेली, पण जांबोटी रोडला शेत असल्यामुळं खालून मातीनं माखलेली. टाकीवरचे क्लिप भरलेले होते, पाईपचं कोटिंग मात्र शाबूत. क्लिप काढून, धुऊन, वाळवून, ग्रीस लावून बसवले. 300 रुपये झाले. त्यानं 250 दिले.