क्यू गार्डन्समधले टेकू लावलेले म्हातारे

लंडनला मुलांकडे आलेली मंडळी क्यू गार्डन्स या वनस्पतींच्या मोठ्या बागेत जातात ती बहुधा काचघरं आणि पॅगोडा बघायला, आणि स्टेशनजवळच्या व्हिक्टोरिया गेटने आत शिरतात. झाडांसाठी जायचं असेल तर या दाराने जाऊ नये. जुनी झाडं उत्तरेच्या कोपऱ्यात आहेत. व्हिक्टोरिया गेटने गेलं की तळं, पाम हाऊस आणि दुकान यांत सकाळ संपते आणि म्हाताऱ्या झाडांपाशी पोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली ही फेरी एलिझाबेथ गेटपासून सुरू करून दक्षिणेकडे उतरत नेली. पुढे जाणाऱ्यांनीही हाच क्रम धरावा.

वॉटरलूहून गाडीने क्यू ब्रिजला उतरायचं, थेम्सवरचा पूल ओलांडायचा आणि क्यू ग्रीनच्या कडेने दहा-बारा मिनिटं चालायचं. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरलात तर क्यू रोडवर येऊन ६५ नंबरची बस उत्तरेकडे धरा. तिकीट आगाऊ ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. बाग सकाळी १० वाजता उघडते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यामुळे नोव्हेंबरात साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, आणि काचघरं त्याहीआधी बंद होतात. महिन्याच्या मध्यापासून रात्रीच्या रोषणाईसाठी बाग दुपारीच रिकामी करायला घेतात. त्यामुळे तारीख ठरवण्याआधी त्या दिवसाची वेळ बघा. वाऱ्याचा इशारा असेल तर बाग उघडतच नाही. एवढी मोठी झाडं असलेल्या बागेत तेच बरोबर आहे.

राजकुमारी ऑगस्टा, म्हणजे तिसऱ्या जॉर्जची आई, तिने १७५९ मध्ये इथे वनस्पतींची बाग सुरू केली. त्या सुरुवातीच्या काळातली पाच झाडं अजून उभी आहेत. तिथे त्यांना ‘ओल्ड लायन्स’ म्हणतात: गिंको, पॅगोडा ट्री, रॉबिनिया, झेल्कोवा आणि ओरिएंटल प्लेन. शेवटचं नाव परकं वाटेल, पण तो काश्मीरचा चिनारच. १७६१ मध्ये आर्गाइलचा ड्यूक वारला. त्याची व्हिटन इथली झाडांची बाग प्रसिद्ध होती. तिथली निवडक झाडं पुढच्या वर्षी उचलून क्यूला आणली गेली. यातली काही झाडं अशी वाढलेल्या अवस्थेत जागा बदलून आलेली आहेत.

गिंको प्रिन्सेस ऑफ वेल्स काचघराच्या जवळ आहे. हा वृक्ष थंडीत तग धरेल की नाही याची तेव्हा खात्री नव्हती, म्हणून तो ‘ग्रेट स्टोव्ह’ नावाच्या जुन्या उबदार काचघराच्या भिंतीला टेकवून लावला होता. काचघर १८६१ मध्ये पाडलं, झाड राहिलं. खोड जमिनीपासून थोड्याच उंचीवर फाटून वर गेलेलं दिसतं, त्यामागे हे भिंतीपाशी वाढणं आहे. पानं पंख्यासारखी, मधोमध चीर पडलेली, शिरा देठापासून दोन-दोन अशा फुटत जाणाऱ्या. पान उजेडाकडे धरून बघा. झाड नर आहे, त्यामुळे मादीच्या बियांचा तो कुप्रसिद्ध वास इथे नाही. पिवळा रंग बघायचा असेल तर घाई करावी लागते. कडक थंडीची एखादी रात्र गेली की दोन-चार दिवसांत सगळी पानं खाली येतात. वाढलेल्या झाडाखाली सडा पडलेला दिसला तर उशीर झाला असं समजा, मात्र सड्याचा फोटो झाडापेक्षा चांगला येतो.

पॅगोडा ट्री जवळच आहे, आणि पहिल्यांदा बघणारा तो पडलेला ओंडका समजून पुढे निघून जातो. साधारण १७६० चं हे झाड आता जवळजवळ आडवं झालेलं आहे आणि टेकूंवर विसावलेलं आहे. इथे पाच मिनिटं थांबून टेकू कुठे दिले आहेत ते बघा. फांदीचं ओझं जिथे सर्वात जास्त तोलायचं असतं तिथे आधार येतो. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात, पांढुरकी, कडधान्याच्या कुळातली. रॉबिनियाला लोखंडी पट्टा बांधलेला आहे. तो मे अखेर ते जूनमध्ये फुलतो. आपल्या गिरिपुष्पाचा तो जवळचा नातलग, इतका की गिरिपुष्पाला पूर्वी रॉबिनियाच्याच वंशात घातलं होतं. पानं बघितलीत की पटेल.

पाट्यांबद्दल एक सूचना. प्रत्येक झाडाला छोटी काळी पाटी असते, तिच्यावर नाव, मूळ प्रदेश आणि नोंदणी क्रमांक असतो. क्रमांकात वर्ष दिसतं, पण ते नोंद केल्याचं वर्ष आहे. जुन्या झाडांना क्रमांक फार नंतर मिळाले, तेव्हा त्यावरून वय काढू नका.

ऑरेंजरीजवळ वोलेमी पाइन आहे. ही जात केवळ जीवाश्मांतूनच माहीत होती. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लू माउंटन्समधल्या एका दरीत ती जिवंत सापडली, जंगलात आजही शंभराहून कमी पूर्ण वाढलेली झाडं असतील. क्यूमधलं रोप २००५ मध्ये डेव्हिड अॅटनबरो यांच्या हस्ते लागलं. उंचीच्या मानाने निराशा होईल, म्हणून खोडाकडे जा: साल तपकिरी, बुडबुडे आल्यासारखी, उकळताना गोठलेल्या गुळासारखी. हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांवर मेणाची पांढरी टोपी येते, थंडीपासून कळीचं रक्षण करणारी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती नुकती धरू लागलेली असते.

आता टर्नर्स ओक. एकाच झाडासाठी वेळ काढायचा असेल तर तो याच्यासाठी. हाही उत्तर भागातच आहे, नकाशावर खूण आहे. सदाहरित होल्म ओक आणि इंग्लिश ओक यांचा हा संकर, लावलेला १८ व्या शतकाच्या अखेरीस. १९८० च्या दशकात तो खंगत चालला होता. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री वादळ आलं, क्यूमधली सुमारे ७०० झाडं पडली. हा ओक मुळांच्या पसाऱ्यासकट उचलला गेला आणि पुन्हा होता त्याच खड्ड्यात बसला. आधी बाकीची पडझड आवरायची होती, म्हणून त्याला आधार देऊन सोडून दिलं. तीन वर्षांनी त्याच्याकडे बघितलं तर झाड वर्षानुवर्षं फुटलं नव्हतं तसं फुटलेलं.

कारण मातीत होतं. इतकी वर्षं माणसांनी त्याच्या सावलीत बसून, चालून माती चोपून घट्ट केली होती. घट्ट मातीत हवेची पोकळी उरत नाही, पाणी वरच्या वर वाहून जातं, आणि बारीक मुळं गुदमरतात. वादळाने झाड हलवलं तेव्हा माती मोकळी झाली. तेव्हापासून क्यूमध्ये जुन्या झाडांच्या मुळाशी नळी खुपसून दाबाखालचा वायू सोडतात, म्हणजे माती आतून भेगाळते, आणि वर लाकडी चुरीचं जाड आच्छादन टाकतात. त्यामुळे तिथे फिरताना झाडाच्या खोडाआधी खाली बघायला शिका. बुंध्याभोवती चुरीचं गोल आळं दिसलं की त्यात पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीही नाही. आपल्याकडे बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून वर चौथरा बांधतात, त्याचा विचार इथे येतोच.

पाम हाऊसच्या पश्चिमेला, वॉटरलिली हाऊसपासून थोडं पुढे, चेस्टनट-लीव्ह्ड ओक आहे. कॉकेशस-इराणकडचा हा ओक १८४६ चा, आणि आकाराने बागेतला सर्वात मोठा. तो जवळून फोटोत मावत नाही, पन्नास पावलं मागे या.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी ओकखाली सांभाळावं. ओक प्रोसेशनरी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्या मे ते जुलै दिसतात. त्यांच्या बारीक केसांनी अंगाला खाज सुटून चट्टे येतात, दम लागू शकतो. खोडावर पांढरं जाळं दिसलं तर मुलांना लांब ठेवा आणि कर्मचाऱ्यांना सांगा.

पाम हाऊसमध्ये दक्षिण टोकाला एन्सेफॅलार्टोस अल्टेन्स्टाइनी आहे. क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसनने हे सायकस वर्गातलं झाड दक्षिण आफ्रिकेतून आणलं, १७७५ मध्ये ते क्यूला पोचलं. कुंडीत वाढणाऱ्या झाडांत हे जगात सर्वात जुनं मानतात. खोड आडवं झुकलेलं, खाली आधार, वजन टनाहून जास्त. शंकू आजवर एकदाच आला, १८१९ मध्ये, आणि तो बघायला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स स्वतः आले होते. सोसायटीच्या फाटकापाशी जे लहान सायकस असतं, त्याच घराण्याचा हा वडीलधारा. आत दमट असल्याने कॅमेऱ्यावर लगेच वाफ धरते. लेन्स पुसू नका, दहा मिनिटं थांबा. या काचघराच्या दुरुस्तीचं मोठं काम ठरलेलं आहे, तेव्हा उघडं आहे का हे आधी पाहून घ्या.

टेम्परेट हाऊस या समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडांच्या काचघराला दोनपर्यंत पोचावं. जुन्या लिखाणात इथल्या चिलियन वाइन पामचा उल्लेख असतो, घरातलं सर्वात उंच झाड म्हणून. तो शोधत बसू नका. तो छताला टेकला होता आणि २०१८ मध्ये संपलेल्या जीर्णोद्धाराच्या काळात काढावा लागला. बघायचा आहे तो एन्सेफॅलार्टोस वुडी. १८९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुडला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या न्गोये जंगलात एकच झुडूप सापडलं, नर. मादी कधीच मिळाली नाही, जंगलात आता एकही नाही. जगात जेवढे आहेत ते सगळे त्याच्या बुंध्याशी फुटलेल्या पिल्लांपासून आलेले. क्यूमधलं १८९९ चं, पहिला शंकू २००४ मध्ये. केळीच्या मुनव्यांसारखीच ही वाढ, फक्त इथे बी धरायला जोडीदारच नाही.

इथून लायन गेट जवळ पडतं. बाहेर आल्यावर ६५ नंबरची बस रिचमंडला जाते.