कमाटीबागेतली कोतरं

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना टॉय ट्रेन, फुलांचं घड्याळ आणि म्युझियममधला देवमाशाचा तो 72 फुटी सांगाडा दाखवायचा हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. कागदोपत्री सयाजीबाग, पण बडोद्यातली मराठी घरं कमाटीबागच म्हणतात. 1879 मध्ये सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी केलेली ही शंभरावर एकरांची बाग, आणि तिच्या मधोमध विश्वामित्री. मला विचाराल तर बागेतली सगळ्यात भारी जागा म्हणजे नदीच्या दोन्ही अंगाची कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, तिथे हिरवळ नाही बाकडी नाहीत, नुसती खचलेली पिवळट माती, झाडांची उघडी पडलेली मुळं आणि गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, इतकी दाट की खाली पाणी आहे हे फक्त वासावरून कळतं.

मी सयाजीगंजमध्ये राहते. स्टेशन, हॉटेलं, क्लासेस, सेव उसळच्या हातगाड्या, रात्री बारापर्यंत रिक्षांचे हॉर्न, आणि चालत दहा मिनिटांवर ही शांतता. थंडीत रविवारी नऊच्या सुमारास मी बागेतल्या पुलावर जाऊन उभी राहते कारण तेव्हा ऊन बरोब्बर समोरच्या उतारावर येतं आणि मगर बाहेर येऊन पडते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती दिसतच नाही, चिखलाचा ओंडका वाटतो, मग तो ओंडका जबडा उघडतो आणि तसाच उघडा ठेवून पडून राहतो. मागच्या जानेवारीत शेजारी एक छोटी मुलगी होती, ती आजोबांना सारखी विचारत होती, "आजोबा, ती जांभई कधी संपणार?" आजोबा म्हणाले, "अगं जांभई नाही ती, ऊन खातीये." एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात मगरी राहतात याचं मला अजून दरवेळी नवल वाटतं.

ऑगस्ट 2024 मात्र विसरता येत नाही. पावसाळ्यात बडोद्यात कोणीही कोणाला पहिलं हेच विचारतं, "काला घोड्याला किती झालं?" बागेच्या दाराशी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे ना, त्याच्याजवळच्या पुलावर नदीची पातळी मोजतात. त्या वेळी पाणी 35 फुटांच्या वर गेलं. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्कूटरचे फक्त आरसे दिसत होते, लाइट नाही, लिफ्ट बंद, वरच्या मजल्यावरच्या काकूंना इन्सुलिन हवं होतं ते समोरच्या मुलांनी छातीभर पाण्यातून आणून दिलं. पाणी उतरल्यावर जिन्यात जो गाळ राहिला त्याला अगदी कोतरांचा वास होता, तोच, पुलावरून येतो तो.

तेव्हापासून मी या कोतरांकडे वेगळ्या नजरेने बघते. नदी पावागढकडून येते, वर आजवा सरोवर भरलं की तिकडचंही पाणी येतं, शहरातल्या कांसा, म्हणजे पावसाच्या पाण्याचे नाले, तिलाच मिळतात, आणि एवढं सगळं पाणी पसरायला जागा होती ती ही वाकडीतिकडी कोतरं आणि काठाच्या सखल जमिनी. त्यांवर वर्षानुवर्षं भराव पडत गेला, कंपाउंडं उठली. बागेत अजून थोडी कोतरं शिल्लक आहेत ती बाग आहे म्हणूनच.

2025 च्या पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं, गाळ उपसला. मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, पार्किंगमधलं पाणी मी डोळ्यांनी बघितलंय. पण काठ सपाट करून गवत लावलं, दगड बसवले की झालं असं कोणी म्हटलं की मला धडकी भरते. उताराची माती त्या मुळांनी धरलीये, आणि मगर अंडी घालते ती काठाच्या मातीत खड्डा खणून, मग दगड बसवल्यावर तिने खणायचं कुठे? ओळखीत कोणी काठावर प्लॉट घेतोय म्हटलं की मी आधी त्याला पुलावर नेते आणि समोरच्या बाभळीत वर बघायला सांगते. 2024 च्या पुराची एक निळी प्लास्टिकची पिशवी फांदीत अडकलेली आहे तिथे, आपल्या डोक्याच्या बरीच वर, अजून.