मनगट, डेडझोन आणि रेव्हनहोम

हाफ-लाइफ २ हा बंदुकीचा कम्प्युटर गेम आला २००४ च्या नोव्हेंबरात. तेव्हा मी हॉस्टेलवर होतो आणि तो चालवू शकेल असं ग्राफिक्स कार्ड आमच्या मजल्यावर एकाच पोराकडे होतं. नंबर लावून खेळायचो. वीस वर्षांनी तो पुन्हा खेळावासा वाटला तेव्हा पीसी स्वतःचा होता, रात्री अकरानंतरचा वेळही स्वतःचा होता, पण उजवं मनगट साथ देईना. दिवसभर ऑफिसात माऊस, वर रात्रीही माऊस. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तरी माऊस कमी करा. खेळ बंद करा असं काही ते म्हणाले नाहीत, हे मी घरी दोनदा सांगितलं.

भाच्याचा गेम खेळायचा जुना कंट्रोलर सांगलीला ताईकडे पडून होता. अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक, मधे टचपॅड, आत जायरो, म्हणजे कंट्रोलर किती कलला-वळला ते ओळखणारा सेन्सर. "घेऊन जा मामा, पण उजवी स्टिक जरा वेडी आहे," असं त्याने आधीच बजावलं होतं.

पहिली संध्याकाळ केबलने खाल्ली. कंट्रोलरचा दिवा लागला, चार्जिंग सुरू झालं, पण विंडोजला पत्ताच नाही. यूएसबीची तिन्ही भोकं बदलून पाहिली, पीसी दोनदा रीस्टार्ट केला. शेवटी कळलं की केबल पॉवर बँकेसोबत आलेली होती आणि तिच्यात फक्त वीज वाहते, डेटाच्या तारा नसतातच. जुन्या मोबाइलच्या डब्यातली दुसरी केबल लावली आणि विंडोजने लगेच 'टुंग' केलं.

मग दुसरं नाटक. मेनूत खालचं बटण एकदा दाबलं की निवड दोन ओळी खाली जायची. 'न्यू गेम'वर जायला जावं तर थेट त्याच्या पुढे. बटण खराब असेल म्हणून मी ते घासूनपुसूनही घेतलं! विंडोज आणि आर एकत्र दाबून जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की कंट्रोलरची जुनी खिडकी उघडते. तिच्यात बघतो तर एकाऐवजी दोन कंट्रोलर: एक खरा आणि एक मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेमयंत्राचा, जो माझ्या घरात कधी आलाच नव्हता.

झालं असं होतं. पीसीवरचे बरेच गेम एक्सइनपुट नावाची बोली समजतात, म्हणजे एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची. माझा कंट्रोलर ती बोलत नाही, म्हणून मी एक फुकट मिळणारा दुभाषी प्रोग्रॅम टाकला होता, जो नकली एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतो. हेच काम स्टीम, म्हणजे ज्यातून मी गेम चालवतो ते ॲपसुद्धा, स्वतःच्या स्टीम इनपुटमधून करतं आणि तेही मी चालू ठेवलं होतं. त्यामुळे एकच दाब दोन वाटांनी गेमपर्यंत पोचत होता. चूक सर्वस्वी माझी. दुभाषी काढून टाकला, स्टीम इनपुट तेवढं ठेवलं आणि मेनू शहाण्यासारखा वागू लागला.

आता स्टिकचा वेडेपणा. हात न लावताही गेमचा नायक गॉर्डन फ्रीमन हळूहळू छताकडे बघू लागायचा. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शियोमीटर असतात. कार्बनच्या पट्टीवर एक संपर्क घासत फिरतो आणि पट्टी झिजली की मधली जागा 'मधली' राहत नाही. उपाय म्हणजे डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीची तेवढी हालचाल गेमने ऐकायचीच नाही. एक्सइनपुटमध्ये स्टिकचा आकडा एका बाजूला ३२७६७ पर्यंत जातो आणि मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उजव्या स्टिकचा डेडझोन ८६८९ आहे. म्हणजे चौथा हिस्सा बहिराच! गाडी चालवायला ठीक, पण नेम धरायला नाही. नेमाची सगळी कलाकुसर त्या पहिल्या चौथ्या हिश्श्यात तर असते. मी २५ टक्क्यांपासून एकेक उतरत गेलो. सातवर नजर पुन्हा सरकली, म्हणून आठवर थांबलो.

बटणांचं फार सांगत नाही. एकच बदल महत्त्वाचा: उडी डाव्या खांद्याच्या बटणावर आणली. मूळ जागी उडीसाठी उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो, म्हणजे हवेत असताना आंधळे. आणि या गेममध्ये उडी मारता मारता वाकावंही लागतं, म्हणून वाकणं उजव्या खांद्यावर.

तरीही नेम लागेना. हेडक्रॅब, म्हणजे डोक्यावर झडप घालणारा खेकड्यासारखा प्राणी, तोंडावर यायचा आणि माझी बंदूक त्याच्या आजूबाजूची हवा मारायची. फोनवर भाचा म्हणाला, "मामा, तू जायरो का नाही वापरत? मोठं वळण स्टिकने घे, बारीक नेम हाताने." स्टीममध्ये जायरोला माऊस बनवलं. आधी गेममधला एक पूर्ण फेरा म्हणजे माऊसची किती हालचाल, ते स्टीमला मोजून द्यावं लागतं. मग संवेदनशीलता ३ ठेवली, म्हणजे हात १० अंश वळला की गॉर्डन ३० अंश वळतो. टचपॅडला अंगठा लागला की जायरो थांबेल असं केलं. माऊस मॅटच्या कडेला गेल्यावर आपण तो उचलून मधे ठेवतो ना, तसं.

आणि नजर पुन्हा सरकू लागली. या वेळी डावीकडे.

मी काय केलं असेल? डेडझोन वाढवला. दहा, पंधरा, वीस. सरकणं तसूभरही कमी होईना. दोन रात्री गेल्या. मग भाच्याने विचारलं, "जायरो बंद केल्यावर सरकतं का?" नव्हतं सरकत. स्टिकचा काही संबंधच नव्हता. जायरोचं कॅलिब्रेशन, म्हणजे 'स्थिर' कशाला म्हणायचं ते त्याला शिकवणं, करताना कंट्रोलर टेबलावर स्थिर ठेवायचा असतो. मी सोफ्यावर बसून, हातात धरून, चहा पीत केलं होतं. माझ्या हाताची ती बारीक हालचाल त्याने 'स्थिर' म्हणून लक्षात ठेवली होती. कंट्रोलर टेबलावर ठेवला, कॅलिब्रेशन पुन्हा केलं आणि डेडझोन परत आठवर आणला.

काल रेव्हनहोम, म्हणजे गेममधलं झॉम्बींनी भरलेलं गाव, पार केलं. ग्रॅव्हिटी गनने, म्हणजे वस्तू ओढून फेकणाऱ्या बंदुकीने, करवतीचं पातं ओढायचं, मनगट किंचित वळवायचं, सोडायचं. एका पात्यात दोन झॉम्बी. चपळ झॉम्बी मात्र पाइपाला धरून छतावर चढतात तेव्हा अजून गडबडतो. कंट्रोलरसोबत फिरती खुर्चीही वळते. काल तशाच एका वळणात टेबलावरचा पाण्याचा तांब्या गेला. आता तो खाली, भिंतीशी ठेवतो.