तंबूतली चूल: बर्फातल्या चार रात्री

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओल्या मोज्यांची जोडी तंबूतल्या दोरीवर टाकली आणि पाचच मिनिटांत त्यातून वाफ निघायला लागली. आम्ही तिघंही बोलणं थांबवून त्या वाफेकडे बघत बसलो. बर्फात सलग तीन-चार रात्री काढलेल्या माणसालाच यातली मजा कळेल. थंडी सोसता येते, ओल सोसत नाही. झोपेत अंगातून निघालेली वाफ स्लीपिंग बॅगमध्ये मुरते आणि तिथेच गोठते. पिसांची बॅग चौथ्या रात्रीपर्यंत गोळा होऊन बसते. चूल न्यायची ती ही ओल घालवायला. ऊब मिळते, पण ती वरकड. हे मला आधी कळलं असतं तर पहिल्या दोन रात्रींची अर्धी धावपळ वाचली असती.

आम्ही तिघं: मी, एक जुना मित्र आणि त्याची धाकटी बहीण. चार रात्री, दोन घसरगाड्या, गोठलेल्या तळ्याच्या काठाने सूचिपर्णी जंगलातून जाऊन-येऊन साधारण 35 किलोमीटर. रात्रीचं तापमान उणे 12 ते उणे 19. तंबू एका खांबाचा, शंकूसारखा, खाली तळ नसलेला. धुराड्यासाठी त्याच्या कापडात काचतंतूंच्या सिलिकॉन लावलेल्या कापडाचं ठिगळ आणि त्याला गोल भोक. चूल टायटॅनियमची, घडीची. पाच पत्रे खाचांत अडकवले की पेटी उभी राहते. पाईप धरून वजन 1300 ग्रॅम.

टायटॅनियमचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते, पण सॅक उचलली की पटतं. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठपट, टायटॅनियमची साडेचारपट, आणि पातळ पत्राही जाळात टिकतो. मात्र पातळ पत्रा तापला की वाकतो, निवला की परत सरळ होतो, आणि दर वेळी टण्ण आवाज करतो. पहिल्या रात्री त्या आवाजाने मी दोनदा दचकून उठलो.

पाईप हे या चुलीचं खरं नाटक. कागदाएवढ्या जाडीचा अडीच मीटर लांब पत्रा वळकटीसारखा गुंडाळून येतो. तो उलगडायचा आणि लांबीच्या बाजूने पुन्हा गुंडाळून नळी करायची. मग तिच्यावर ठरावीक अंतराने तारेच्या कड्या चढवायच्या. पहिल्यांदा हे करायला दोन माणसं आणि चामड्याचे हातमोजे लागतात. मी हातमोजे घातले नव्हते. अंगठ्याला दाढीच्या ब्लेडसारखी चीर पडली. म्हणून पहिला जाळ प्रवासाला निघण्याआधीच, मोकळ्या जागेत करा. एकदा तापला की पत्र्याला त्या गोलाईची सवय लागते आणि पुढच्या वेळी नळी जवळजवळ आपसूक होते. शिवाय नव्या पत्र्याचा पहिला धूर उग्र असतो, तो तंबूत कशाला? याच पहिल्या जाळात पाईप मोराच्या गळ्यासारखा निळा-जांभळा होतो. पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थराची ती करामत, काही बिघडलेलं नसतं.

पहिल्या मुक्कामाला पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि साडेचारला अंधार. जागा मी निवडली, तळ्याकडे तोंड करून, देखावा बघून. मित्र म्हणाला, "देखावा जाळणार आहेस का रात्री?" त्याचं बरोबर होतं. वाळलेलं लाकूड दीडशे पावलांवर होतं आणि मांडीएवढ्या बर्फातून ओढून आणताना नाकीनऊ आले. त्यानंतर आम्ही रोज अडीचला थांबायचो आणि आधी जळण बघून मगच तंबूची जागा ठरवायचो.

जळण म्हणजे उभं वाळलेलं झाड, मनगट ते पोटरी जाडीचं. साल सुटलेली, बारीक फांदी वाकवली की काटकन मोडणारी, कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकलं तर खणखणीत वाजणारी. आडवं पडलेलं खोड कितीही वाळकं वाटलं तरी बर्फातून ओल ओढून बसलेलं असतं. हिरव्या झाडाच्या वजनात तर निम्मं पाणीच असू शकतं. ते आधी तापवायचं, मग उकळवायचं, आणि तुमच्या वाट्याला उरतं धुमसणं. जंगलात वाळकं लाकूड तोडायला किंवा उचलायला परवानगी आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. नसेल तर चूल घरीच ठेवा.

या कामात कुऱ्हाडीपेक्षा करवत मोलाची. आमच्या चुलीचं पोट 35 सेंटिमीटर लांब, म्हणून करवतीच्या पात्यावर रंगाने 30 सेंटिमीटरची खूण केली होती. अंधारात, बधिर हातांनी लाकूड तोडताना ती खूण फार कामाला आली. तुकडे फोडायचे ते अंगठ्याएवढे आणि मनगटाएवढे, दोन वेगळे ढीग. हलक्या चुलीचं तोंड लहान असतं आणि तिला बारीक, वाळकं जळणच मानवतं. मोठा ओंडका कोंबला की ती रुसते. संध्याकाळच्या तीन-साडेतीन तासांना आणि सकाळच्या एका तासाला मिळून आमच्या गुडघ्याएवढा ढीग संपायचा. तो तयार करायला तिघांना मिळून सव्वा तास. चुलीचं वजन मोजताना हा सव्वा तासही मोजा. वर करवत, छोटी कुऱ्हाड, हातमोजे आणि कार्बन मोनॉक्साइड या घातक वायूचा अलार्म धरून आमचं एकूण ओझं पावणेतीन किलोवर गेलं. तिघांत ते चालतं. एकट्याला, तेही एकाच रात्रीसाठी, मी हा खटाटोप सांगणार नाही. जिथे झाडंच उगवत नाहीत एवढ्या उंचीवर जाणार असाल तर प्रश्नच मिटला.

चूल पेटवताना पहिल्या संध्याकाळी तंबू धुराने भरला. पाईपमध्ये थंड, जड हवेचा बोळा बसलेला असतो. तो हलल्याशिवाय धूर वर चढत नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही भूर्जाच्या सालीची एक सुरळी पेटीच्या मागच्या टोकाला, थेट पाईपच्या तोंडाखाली जाळायचो. दहा-पंधरा सेकंदांत पाईप घुमायला लागतो आणि मग पुढचा जाळ लावायचा. पाईपचं टोक तंबूच्या शेंड्यापेक्षा वर हवं, नाहीतर वारा शेंड्यावरून घसरून धूर खाली दाबतो. पाईपला तीन दिशांनी बारीक तारेचे ताण द्या. नायलॉनची दोरी चालणार नाही, नायलॉन 220 अंशांच्या आसपास वितळायला लागतं.

ताण न दिल्याचं फळही पहिल्याच रात्री मिळालं. चुलीखाली मी चार बारीक काटक्या टाकल्या होत्या. दोन तासांत खालचा बर्फ वितळला, दोन पाय खचले आणि चूल पेंगत्या माणसासारखी एका बाजूला कलली. पाईप ठिगळाच्या काठाला घासायला लागल्यावर जळका वास आला तेव्हा कुठे लक्ष गेलं. तापलेली चूल दोघांनी दोन काठ्यांनी उचलून धरली आणि तिसरीने खाली ओंडके सरकवले. आता आमचा शिरस्ता असा: बर्फ पायाने तुडवून घट्ट करायचा, अर्धा तास तसाच ठेवायचा, मग त्यावर मांडीएवढे जाड दोन कुजके, ओले ओंडके आडवे टाकून चूल मांडायची. जळायला नालायक लाकूड इथे कामाला येतं.

पाईपच्या टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी असते. ओलसर लाकडाच्या काजळीने ती बुजते, धूर वर खेचणारी पाईपची ओढ मंदावते आणि हात शिवशिवतो की काढून टाकावी ही कटकट. दुसऱ्या रात्री मी काढली. चूल छान घुमली. सकाळी तंबूत पडल्यापडल्या वर पाहिलं तर कापडात चांदण्या. जाळी रोज सकाळी गार असताना काठीने ठोकून साफ करायची, बस्स.

तंबूतल्या उबेबद्दल गैरसमज नकोत. बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळ थर्मामीटर 28 दाखवत होता, त्याच वेळी जमिनीलगत उणे 3. म्हणजे बसलात तर बनियनवर, आडवे झालात की टोपी शोधा. दरवाजाजवळ हातभर खोल खड्डा केला तर थंड हवा तिथे साचते आणि पाय सोडून बसायलाही बरं पडतं. कपडे दोरीवर टाकायचे ते पाईपपासून दोन हात लांब. स्लीपिंग बॅग उलटी करून तासभर वर टांगायची. आमच्या बॅगा चौथ्या रात्रीही पहिल्यासारख्या फुललेल्या होत्या. चुलीवर पातेलं कायम ठेवा. तळाशी थोडं पाणी असू द्या, कोरडा बर्फ टाकला तर पातेलं करपतं आणि पाण्याला तोच वास लागतो.

एवढं करण्यापेक्षा गॅस का नाही, असं बहुतेक जण विचारतात. 230 ग्रॅमच्या डब्यात साधारण 3 किलोवॉट-तास उष्णता असते. वाळलेलं किलोभर लाकूड 4 देतं, त्यातली काही धुराड्यातून जाते, आणि लाकूड पाठीवर वाहून न्यावं लागत नाही. शिवाय गॅसच्या शेगडीला धुराडं नाही. एक डबा जळला की साडेतीनशे मिलिलिटर पाण्याची वाफ तंबूतच सुटते आणि बॅगांवर जाऊन बसते. घातक वायूची गोष्ट वेगळीच.

त्या वायूची गोष्ट आमच्याकडेही झाली. तिसऱ्या रात्री वारा सुटला. खालून झोत येऊ नये म्हणून आम्ही तंबूच्या कडेवर फावड्याने बर्फ लोटून घट्ट दाबला. नऊच्या सुमाराला जाळ विझून लालबुंद निखारे उरले. ते जास्त वेळ टिकावेत म्हणून मी पाईपची, ओढ कमी-जास्त करणारी झडप पूर्ण बंद केली. धूर नाही, वास नाही, सगळं छान. मित्राची बहीण म्हणाली, "दादा, डोकं जड झालंय रे." तो म्हणाला, दिवसभराची दमणूक. तेवढ्यात माझ्या उशाशी टांगलेला अलार्म किंचाळला. पडद्यावर आकडा 118, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे 118 भाग. दरवाजाची चेन गोठून अडकली होती, ती ओढताना गेलेले चार-पाच सेकंद मला अजून आठवतात. अर्धा तास बाहेर उभे राहिलो, उणे 17 मध्ये, बुटांच्या नाड्या न बांधता. तिघांचंही डोकं सकाळपर्यंत ठणकत होतं.

ओलं लाकूड धुमसतं तेव्हा माणूस निदान डोळे चोळत बाहेर पळतो. निखाऱ्यांना धूर नसतो, कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर असतो. जाळ मंदावल्यामुळे पाईपची ओढही कमी झालेली असते, त्यात झडप बंद आणि खालून हवा बंद. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होणं हीच त्याची पहिली खूण, आणि दमलेल्या माणसाला ती ओळखू येत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा अलार्म घ्या, तो चालतोय ना हे रोज बटण दाबून बघा, आणि रात्री बॅटरी गारठणार नाही अशा जागी, पण उघड्यावर ठेवा. सॅकच्या खिशात नको. झडप अर्ध्यापेक्षा जास्त बंद करू नका. शेंड्याजवळची खिडकी उघडी आणि कडेचा एक हातभर भाग बर्फाशिवाय मोकळा, वारा कितीही असो. दरवाज्याच्या वाटेत चूल नको, आणि कापड फाडता येईल असा चाकू झोपताना हाताशी असू द्या.

रात्रभर चूल पेटती ठेवायचा विचार सोडून द्या. हलक्या चुलीत एकदा भरलेलं जळण पाऊण तास टिकतं, फार तर तास. फिनलंडच्या सैन्यात तंबूतली चूल राखायला रात्रभर आळीपाळीने एक जण जागतो, त्याला किपिनामिक्को असं नावही आहे. तिथे तंबूत माणसं पुष्कळ, पाळी थोडी. आम्ही तिघांनी पहिल्या रात्री हा प्रयोग केला आणि दुसऱ्या दिवशी चालताना पेंगत होतो. नंतर झोपण्यापूर्वी निखारे पार विझू द्यायचे आणि बॅगेत शिरायचं. म्हणूनच, चूल आहे तर हलकी बॅग चालेल, हा हिशेब कोणी करू नये. बॅग अशी घ्या की चूल नसतानाही त्या रात्रीला पुरेल. सकाळचं जळण आणि सालीची सुरळी मात्र झोपतानाच हाताच्या अंतरावर ठेवा. बॅगेतून फक्त हात बाहेर काढून चूल पेटवण्यासारखी चैन नाही.

निघायच्या दिवशी चूल दहा मिनिटांत गार होते, पातळ पत्र्याचा हा एक फायदा. राख पाणी टाकून, हाताने चाचपून मगच पसरवायची. जमीन दलदलीची, कुजलेल्या पानांची असेल तर आणखी जपून, तिथे विस्तव आतल्या आत दिवसेंदिवस धुमसू शकतो. पाईप गुंडाळण्याआधी झटकून घ्या आणि चुलीला स्वतंत्र पिशवी द्या, नाहीतर काजळी बॅगेपासून दात घासायच्या ब्रशपर्यंत सगळीकडे पोचते.

घरी येऊन तंबू उजेडात धरला आणि भोकं मोजली. अकरा निघाली. प्रत्येकावर आतून-बाहेरून सिलिकॉनचा एकेक थेंब लावला, रात्रभर वाळवला. सिलिकॉनची ती अर्धी उरलेली नळी आता चुलीच्याच पिशवीत असते, जाळीच्या शेजारी.